मळखोलीत कोणी जायचं

लोक आपल्याला हसले तर माणसाला राग येतो, आणि आपण हसवल्यावर हसले तर त्याला चढते. ही चढलेली लवकर उतरत नाही. नवरदेवाची तर अध्यक्ष झाल्यापासून उतरलीच नव्हती.

नवरदेव हे त्याचं लॉन्ड्रीतलं नाव. दिवसभर वाफेत आणि साबणाच्या पाण्यात काम करायचं, तरी हा गडी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून यायचा. कोणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. चाळिशी उलटली, शर्टाची बटणं पोटावर ताणली, दोन मुलं शाळेत जायला लागली, तरी हा आपला नवरदेवच. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. नवरदेवाकडे सगळे बघतात, आणि कोणी आपल्याकडे बघितलं की त्याला बरं वाटायचं.

लॉन्ड्रीला मालक नव्हता. जे काम करायचे तेच मालक होते, आणि अध्यक्ष आपल्यातूनच निवडायचे. कपडे यायचे ते मोठ्या हॉस्पिटलचे: चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे. ते गाठोड्यांत बांधून मागच्या दाराने यायचे, आणि मागच्या दाराशी होती मळखोली. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी तिथे गाठोडं सोडायचं, रक्ताचं वेगळं, ओकारीचं वेगळं, बाकीचं वेगळं करायचं. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, काही करा, वास घरापर्यंत सोबत यायचा. कधी चादरीच्या घडीतून दातांची कवळी निघायची, तर कधी इंजेक्शनची सुई. तिथून पुढे मशीन, मशीनच्या पुढे ड्रायर, मग इस्त्रीचा रोलर, आणि शेवटी घडीचा हॉल. हॉलमध्ये उजेड, पंखे, गप्पा आणि ऊन ऊन कपड्यांचा छान वास. एकाच छपराखाली नरक आणि माहेर दोन्ही होतं म्हणा ना.

मळखोलीत जायला कोणाचा जीव धजणार? म्हणून पाळी होती. आठवडाभर तिघांनी जायचं, मग पुढच्या तिघांनी. अध्यक्ष असो की काल लागलेला नवखा, पाळी सगळ्यांना. रोलरवरचे काका, ज्यांनी ही लॉन्ड्री उभी केली, ते म्हणायचे, "पाळी चुकवायला एकच कारण चालेल, मरण. आणि तेही स्वतःचं."

काकांचाच आणखी एक नियम होता, तो बाहेरच्यांना वेडगळ वाटायचा. बैठकीत कोणी काहीही सुचवलं की एकाने उठून त्याच्या विरुद्ध बोलायचंच. पटलं असलं तरी बोलायचं. हेही पाळीने. त्याला सगळे नकारघंटा म्हणत. "आज नकारघंटा कोणाची?" असं विचारूनच बैठक सुरू व्हायची. आणि घंटा वाजवणाऱ्यावर कोणी डूख धरायचा नाही, एवढी एकच अट. एकदा सगळ्यांना मशीनपाशी मोठा पंखा हवा होता. ज्याची घंटा होती त्यालाही हवा होता, पण बोलायचं म्हणून डोकं खाजवून तो म्हणाला, की अरे, त्याचं वारं मळखोलीकडून हॉलकडे जाईल, धुतलेल्या कपड्यांवर. पंखा दुसऱ्या भिंतीला लागला.

नवरदेव अध्यक्ष झाला तो सगळ्यांच्या खुशीने. तो सगळ्यांत मिसळणारा, कोणाच्या घरी आजारपण आलं की धावणारा, आणि बोलायला लागला की हॉल डोक्यावर घेणारा. "तुम्हाला काय हवंय ते सांगा, बाकी माझ्यावर सोडा," असं तो म्हणायचा, आणि करायचाही. चहाची सुट्टी एकाची दोन केली. हॉलमध्ये गाणी सुरू केली. बैठकीची खोली कोंदट होती, लोक जांभया देत बसायचे. त्याने बैठकच हॉलमध्ये आणली, चहाच्या वेळी, उभ्या उभ्या. तो कपड्यांच्या ढकलगाडीवर चढायचा, दोन विनोद करायचा आणि विचारायचा, "काय म्हणता?" हात वर जायचे. काम फत्ते. एके दिवशी तो म्हणाला, "सगळ्यांना जे हवंय त्यात मध्ये ही नकारघंटा कशाला? चहा गार होतो." लोक हसले. काका तेवढे बोलले, "चहा पुन्हा तापवता येतो." पण घंटेची पाळी आता नावालाच उरणार हे त्या हसण्यातच ठरून गेलं.

त्याची थोरली बहीणही तिथेच होती, ड्रायरवर. तिला सगळे ताईच म्हणत, पण ती खरी ताई त्याची. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ही नुकती कामाला लागली होती. तिनेच त्याला वाढवलं, तिनेच इथे चिकटवलं. लग्न केलं नाही. स्थळं आली होती, पण आधी याची शाळा, मग याची नोकरी, मग याचं लग्न, असं करता करता स्थळं यायची थांबली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. अजून ती त्याच्याच घरात पुढच्या खोलीत राहायची आणि त्याला बाळ्या म्हणायची. लॉन्ड्रीत मात्र म्हणायची नाही, त्याची अब्रू राखायची.

मळखोलीची पाळी बंद करायची कल्पना कोणाची, असं पुढे कोणी विचारलं तर नवरदेव सांगायचा, लोकांची. खोटं नव्हतं ते. लोक कुरकुरत होतेच. पण त्या कुरकुरीला त्याने ढकलगाडीवर नेमकं कधी चढवलं? पुढच्या आठवड्यात त्याची स्वतःची पाळी होती तेव्हा. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. त्याने ते स्वतःपासून लपवलं, एवढंच.

त्याने मांडलंही झकास. "ज्यांचा हात मशीनवर बसलाय त्यांना आठवडाभर मळखोलीत कोंडायचं, हे नुकसान कोणाचं? आपलंच. त्यापेक्षा ज्यांचा हात बसलेला नाही, त्यांनी तिथे कायमचं राहावं. कायमचे राहिले की तरबेज होतील." हात न बसलेले दोघे सगळ्यांना माहीत होते. एक, ज्याला सगळे सावकाश म्हणत. हा माणूस कामात चोख, पण घडी घालायला घेतली तर शेजारचा चार घालेपर्यंत याची एक. आणि दुसरी नवी, ती लागून वर्षही झालं नव्हतं. दोघेही मागे भिंतीला टेकून उभे होते. सावकाश काही बोलायला तोंड उघडणार तोवर विषय पुढे गेला होता, त्याचं नेहमीचंच.

"नकारघंटा कोणाची?" काकांनी रोलरपासून विचारलं.

ताईची होती. ती पदराला हात पुसत पुढे आली. "हे दोघं नको म्हणतायत का हो म्हणतायत, ते कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "आपण सगळे जास्त आहोत, ते दोघं आहेत. हात वर केले तर आपणच जिंकणार, त्यात काय मोठं? घाण सगळ्यांची आहे. पाळी असते तेव्हा तिथलं दुखणं सगळ्यांना माहीत असतं. पाळी गेली की..."

दोघातिघांनी मान डोलावली. नवरदेवाला ते दिसलं. हातातून हॉल सुटतोय असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आणि मग त्याच्या तोंडून ते निघालं.

"अहो, माझ्या ताईचं मनावर घेऊ नका. तिला नाही म्हणायची सवयच आहे. स्थळं आली, सगळ्यांना नाही म्हणाली. आता कोणी विचारत नाही, म्हणून आपल्याला म्हणतेय."

हॉल फुटला. मशीनवरचा उंच लांबू तर रोलरला धरून हसला. ताईने नवरदेवाकडे बघितलं. रडवेली नाही, चिडलेली नाही. भलत्याच घराचं दार ठोठावल्यावर माणूस पाटी बघतो तसं बघितलं. वाक्य अर्धं ठेवून ती ड्रायरकडे वळली.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "तिसरं कोण? ताईंनाच एवढा कळवळा आहे तर जाऊ दे त्यांनाच." पुन्हा हशा. हा क्षण होता. घंटा वाजवणाऱ्यावर डूख धरायचा नाही, हा नियम इतका जुना की तो कोणाला बोलून दाखवावा लागला नव्हता. अध्यक्षाने नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी पुरे होतं. नवरदेव म्हणाला, "काय म्हणता?" हात वर गेले. "लोकांचा हुकूम," तो म्हणाला आणि ढकलगाडीवरून उतरला. दुसऱ्या सकाळी तिघांनी रबरी एप्रन घातले आणि हॉलमधून मळखोलीकडे निघाले, तेव्हा लांबूने "बाजूला व्हा, स्वारी निघाली" अशी ललकारी दिली आणि सगळे खो खो हसले. नवरदेव बाजूला चहा घेत होता. तो हसला नाही, पण त्याने कोणाला गप्पही केलं नाही.

घरी ताई पहिल्यासारखीच बोलत होती. भाजी चिरायची, मुलांचा अभ्यास घ्यायची. फक्त घरी आल्या आल्या आंघोळ करायला लागली होती, आणि बाळ्या म्हणायची बंद झाली होती. घरातही त्याला काही म्हणतच नसे. बायकोने एकदा विचारलं, "तुमचं आणि ताईंचं काही बिनसलंय का?" तो म्हणाला, "छे, कामाचा थकवा."

पूर्वी गाठोड्यात सुई निघाली की लॉन्ड्रीभर बोंब व्हायची. जो मळखोलीत असेल तो सुई चिमट्यात धरून हॉलमध्ये यायचा आणि सगळे हॉस्पिटलला फोन करायला सांगायचे, कारण पुढच्या आठवड्यात तिथे आपलाच हात जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हॉस्पिटलवाले घाबरून असायचे. आता तिघं त्या बाजूला आणि बाकीचे या बाजूला. ताई दारात येऊन सांगायची, "सुया वाढल्यात. त्यांना सांगायला हवं." नवरदेव म्हणायचा, "बघतो." एकदा त्याने खरंच फोन केला. तिकडून सांगितलं, सुया नीट वेगळ्या करायच्या तर गाठोडी उशिरा येतील. उशिरा आली तर घरी जायला उशीर. नवरदेवाने चहाच्या वेळी हॉलला विचारलं, "गाठोडी उशिरा आलेली चालतील का?" एकही हात वर गेला नाही. "लोकांना नकोय," त्याने ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

आणि मग एके दुपारी ताईच्या हातमोज्यातून सुई आरपार गेली.

डॉक्टरांनी जखम धुतली, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. कोणाच्या अंगातली सुई ते कळायला मार्ग नव्हता. तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतील, तोवर वाट बघायची, घरच्यांनी घाबरायचं कारण नाही, एकत्र जेवलं-खाल्लं तरी काही होत नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन तिने आपलं ताट, वाटी आणि कप वेगळा काढून पुढच्या खोलीत नेऊन ठेवला.

"ताई, डॉक्टर म्हणाले ना, काही होत नाही," नवरदेवाची बायको म्हणाली.

"असू दे गं. घरात पोरं आहेत."

धाकटी मुलगी रोज आत्याच्या मांडीवर बसून जेवायची. त्या संध्याकाळी ताईने तिला लांबूनच सांगितलं, "आज आईजवळ बस." पोरगी हट्टाला पेटली, रडली, शेवटी आईजवळ बसून हुंदके देत जेवली. नवरदेवाने ताट बाजूला सारलं. तो उठून पुढच्या खोलीच्या दारात गेला. ताई डाव्या हाताने जेवत होती, उजव्याला पट्टी होती.

"ताई, मला आधी कळलं असतं तर..." तो म्हणाला.

"कळलं होतं," ताई म्हणाली. "सावकाशला टोचली होती मागे. त्याने तुला सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. तो ढकलगाडीवर चढायच्या गडबडीत होता, सावकाश त्याच्या लयीत एकेक शब्द काढत होता, आणि नवरदेवाने त्याच्या पाठीवर थाप मारून "औषध लाव, काही होत नाही" असं म्हटलं होतं. त्यालाही घर असेल, त्याचंही ताट वेगळं होत असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. आज आपल्या बहिणीला लागल्यावर आपल्याला कळतंय, याची त्याला एवढी लाज वाटली, की माफी मागायला आलेला तो तसाच मागे फिरला. माफी मागितली तर ती देऊन टाकेल, आणि मग आपण मोकळे होऊ, हे त्याला नको वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताई घरीच राहिली, आणि चहाच्या सुट्टीत तो ढकलगाडीवर चढला. "माझं चुकलं," तो म्हणाला.

लोक हसले. पुढे विनोद येणार म्हणून आधीच हसले. "नाही, खरंच चुकलं," तो म्हणाला, तर आणखी हसले. लांबू म्हणाला, "वहिनींनी सांगून पाठवलंय वाटतं." मग त्याने मळखोलीच्या पाळीचं काढलं, पाळी पुन्हा सुरू करू म्हणाला, पहिलं नाव माझं घ्या म्हणाला, तसं हळूहळू हसणं विरलं. कप खाली ठेवले गेले.

"ताईंना लागलं त्याचं आम्हालाही वाईट वाटतं," लांबू म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "पण ठरलंय ते सगळ्यांनी ठरवलंय. तूच म्हणतोस ना, लोकांना हवं तेच करायचं? मग विचार ना लोकांना."

नवरदेवाने विचारलं. काकांचा हात वर गेला. त्याचा स्वतःचा गेला. आणखी एकीचा अर्धा वर जाऊन केस सावरून खाली आला. तो वर उभा होता म्हणून त्याला सगळा हॉल दिसत होता, आणि आता त्याच्या लक्षात आलं, की सावकाश आणि नवी तिथे नव्हते. गाठोडी सोडून यायचं नाही म्हणून त्यांना कोणी बोलावतच नव्हतं. मळखोलीत गेल्यापासून एकाही बैठकीत त्यांचा हात मोजला गेला नव्हता. "सगळे" म्हणता म्हणता त्याने त्या तिघांना कधी वगळलं ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"कोणीतरी बोला," तो म्हणाला. "आज नकारघंटा कोणाची?"

"ती तूच बंद केलीस की," कोणीतरी म्हणालं. तेही चेष्टेने नाही, आठवण करून द्यावी तसं. काका रोलरवरची चादर नीट करत राहिले. त्यांनी मान वर केली नाही, आणि नवरदेवाला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग ताईच्या जागी मी जातो. आत्ता."

तो उतरला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. आणि मागून टाळी पडली. एक, मग दहा, मग अख्खा हॉल. लांबूच्या डोळ्यांत पाणी होतं. "असा अध्यक्ष शोधून सापडायचा नाही," एक बाई शेजारणीला सांगत होती. दोन बाजूला लोक उभे राहिले आणि मधून तो चालत गेला. तोंडं उजळली होती सगळ्यांची. आता कोणालाच जावं लागणार नव्हतं. नवरदेवाला रडू येत होतं आणि त्याच वेळी, त्याच्या नकळत, त्याची मान जराशी ताठ झाली होती. ती ताठ झालेली त्याला कळली, तशी त्याने ती खाली घातली.

मळखोलीत दिवा एकच होता. सावकाश एक गाठोडं सोडत होता. नवीने तोंडावरचं फडकं सारखं केलं आणि खुंटीवरचा एप्रन त्याला काढून दिला. ताईचा होता, त्याला आखूड पडला. बंद दाराआड टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या.

"कशाच्या टाळ्या?" नवीने विचारलं.

"मी इथे आलो, म्हणून," नवरदेव म्हणाला.

"असं होय," नवी म्हणाली. गाठीत बोट घालून तिने ती सैल केली. "आम्ही आलो तेव्हा हसले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. नवरदेवाने एप्रनची नाडी बांधली. सावकाशने त्याच्या पुढ्यात एक गाठोडं सरकवलं आणि त्याच्या लयीत, एकेक शब्द काढत सांगितलं, "आधी... वरून... चाचपायचं."